बोहणीचा डबा

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कोणाची पाच पैशांची उधारी ठेवलेली नाही. मला हे माहीत आहे, कारण त्या दिवसातून पाच वेळा सांगतात. गिरणीवर दळण ठेवताना सांगतात, बांगड्या भरताना सांगतात, आणि टीव्हीवर कर्जाची जाहिरात लागली की टीव्हीलाही सांगतात. प्रयागबाई त्यांचं नाव. शिरपूरच्या बाजारात भाजीच्या ओळीत विचारलंत तर कोणीही बोट दाखवेल.

आमचं दोन एकर ओलिताचं वावर आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार, भेदरं. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, टमाट्याला भेदरं म्हणतात, आणि त्याचा भाव पडला की आणखी बरंच काही म्हणतात. सासरे रंगराव आणि माझा नवरा पिकवतात, आम्ही सासू-सुना तोडतो, जुड्या बांधतो आणि आठवड्याचे तीन बाजार करतो. नवऱ्याचं नाव दिनेश. उखाणा न घेता सांगते, कारण गोष्टीत त्याचं काम जास्त आहे. तीनपैकी केनवडचा बाजार सासूबाईंनी कधी माझ्याकडे दिला नाही. केनवड माझं माहेर. "तू तिथं बसलीस त अर्धी भाजी तुह्या मायच्या गल्लीत फुकट जाईन," असं त्या म्हणायच्या, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

बाजारात दुकान मांडल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाकडून जे पैसे येतात ती बोहणी. बोहणी उधार होत नाही आणि बोहणीचं गिऱ्हाईक परत पाठवत नाहीत, हे सगळेच पाळतात. बाकीच्या बाया ती नोट कपाळाला लावतात, तराजूला टेकवतात आणि दुपारी त्याच नोटेचा चहा पितात. सासूबाई मात्र ती पदराला गाठ मारून घरी आणतात आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतात. त्या डब्याला घरात दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

घरातली प्रत्येक वस्तू त्या डब्यातून आली आहे. मिक्सर, टीव्ही, माझ्या नणंदेची, सुप्रियाची, शिलाई मशीन. कूलरसाठी बोहणी जमायला तीन उन्हाळे गेले, आणि पैसे पुरे झाले तेव्हा दिवाळी होती. आम्ही स्वेटर घालून कूलरची पूजा केली. मी तेव्हा नवी नवरी होते, तोंडात पदर धरून हसले होते.

पण या हट्टामागे कारण होतं, आणि ते मला सासऱ्यांनीच सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं रंगीत टीव्ही हप्त्यावर आणला. चार हप्ते भरले, पुढचे दोन थकले. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात पंगत बसलेली असताना दुकानाचा माणूस आला आणि टीव्ही उचलून घेऊन गेला. जेवणाऱ्या लोकांनी पाय आखडून त्याला वाट करून दिली. सासूबाईंना टीव्ही गेल्याचं एवढं नाही, त्या पाय आखडणाऱ्या लोकांचं अजून लागतं. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. जी वस्तू पुरती आपली नाही ती उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांना साखरेसाठी इन्शुलिन सुरू झालं. ती बाटली थंडाव्यात ठेवावी लागते, आणि आमच्याकडे फ्रीज नव्हता. शेजारच्या नानीबाईंनी त्यांच्या फ्रीजमध्ये जागा दिली. सासूबाई सकाळ-संध्याकाळ जाऊन बाटली आणायच्या, सुई द्यायच्या आणि परत ठेवायला जायच्या. सुई द्यायला त्या स्वतः शिकल्या होत्या. नानीबाई कधी वाईट बोलल्या नाहीत, पण रोज दोनदा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे सासूबाईंसाठी तीही उधारीच होती. त्याच आठवड्यापासून डब्यात फ्रीजसाठी बोहणी साठू लागली.

"आई, फ्रीज हप्त्यावर आनून टाकू," दिनेश म्हणाला होता. "महिन्याचे बाराशे. बाबाच्या औषधाचं काम हाये."

"बाराशे तुले दिसून राह्यले, मले थो मानूस दिसून राह्यला," सासूबाई म्हणाल्या. "नानीबाई हाये तवर भागते. डबा भरला का आनू."

खरं सांगायचं तर मला तेव्हा दोघांचंही पटलं होतं. असं दोन्हीकडचं पटलं की माणूस गप्प बसतो. मी गप्प बसले, आणि पुढे मला त्याची सवयच लागली.

पहिल्या वर्षी डबा बरा भरला. मग बाजारात स्कॅनर आला. लोकांनी खिशात नोटा ठेवणंच सोडलं, मेथीच्या दहा रुपयांच्या जुडीलाही मोबाइल काढू लागले. दिनेशकडे तेव्हा बटनाचा मोबाइल होता. एका गिऱ्हाइकाने पैसे पाठवल्याचं जुनंच चित्र दाखवून दीडशेची भाजी नेली आणि आम्ही त्याला वरून सांबार फुकट दिला. त्यानंतर दिनेशने मोठा मोबाइल घेतला. धंद्यासाठी तो लागणारच होता, त्यात त्याची चूक नव्हती. चूक पुढे आहे.

मोबाइल त्याने अठरा हप्त्यांवर घेतला आणि आईला सांगितलं की सोयाबीन काढणीच्या मजुरीतून घेतला. स्कॅनरवरचे पैसे त्याच्या खात्यात जायचे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्याच खात्यातून हप्ता आपोआप कापला जायचा. हे घरात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि मला. मी का नाही सांगितलं? कारण त्या मोबाइलवर मला केनवडची माझी आई रोज दिसायची. तिच्या शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर ती यायची, कपाळच जास्त दिसायचं, पण दिसायची. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

स्कॅनरवर बोहणी झाली तर कपाळाला काय लावायचं, हा सासूबाईंपुढचा मोठा प्रश्न होता. त्यांनी मोबाइलच कपाळाला लावायला सुरुवात केली. पहिल्यांदा लावला तेव्हा कपाळाने कोणालातरी फोन लागला. मग त्यांनी दिनेशला बजावलं, "बोहणीचे पैसे गल्ल्यात मिसळजो नको. येगळे ठेव."

"मोबाइलातच ठेवतो, आई," तो म्हणाला.

सासूबाईंना अक्षर येत नाही, पण हिशेब चुकत नाही. स्कॅनरवर बोहणी झाली की त्या घरी येऊन डब्यात एक चिंचोका टाकायच्या. बोहणी वीसची असो की साठची, एका चिंचोक्याचे चाळीस धरायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आठवड्यातून एकदा त्या नोटा मोजायच्या आणि चिंचोके मोजायच्या. खुळखुळ ऐकली की मी उठून परसात जायचे. चिंचोके डब्यात वाढत होते आणि खात्यात काहीच राहत नव्हतं.

दिनेश वाईट माणूस नाही. "भेदराले भाव भेटला का एका झटक्यात टाकून देतो," असं तो मला दर महिन्याला म्हणायचा. त्या वर्षी भेदरं तीन रुपये किलोने गेली. तरी मोबाइलचे अठराच्या अठरा हप्ते फिटले, एकही चुकला नाही. चिंचोके झाले होते एकशे एकतीस. "आखाजीले फ्रीज आनू," सासूबाईंनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त जाहीर केला आणि फ्रीजची जागाही शेणाने सारवून ठेवली. फरशीवर शेण कशाला, असं मी विचारलं नाही.

आखाजीला महिना असताना नानीबाईंच्या लेकीचं बाळंतपण निघालं. महिनाभर अकोल्याला जायचं म्हणून त्यांनी फ्रीज बंद केला आणि बाटली परत आणून दिली. "महिन्याचं काम हाये," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी बाटली पिशवीत गुंडाळून चुलीपासून लांब, मोठ्या माठात पाण्यावर लटकवून ठेवली. माठ रोज भरायचा, कपडा ओला ठेवायचा, असं सगळं ठरवलं. पण ते मेथीचे आणि लग्नसराईचे दिवस. आम्ही पहाटेपासून वावरात, नाहीतर दिवसभर बाजारात. सासरे दिवसभर माठातलंच पाणी प्यायचे. दुपारी वरचे पत्रे तापायचे आणि माठ कोरडा पडायचा. संध्याकाळी येऊन सासूबाई माठ भरायच्या, बाटली काढायच्या आणि सुई द्यायच्या. एक दिवसही चुकल्या नाहीत.

अठराव्या दिवशी सासरे वावरात बांधावर बसले ते उठेनात. जीभ कोरडी, बोलणं जड. रिक्षात घालून वाशिमला नेलं. साखर पाचशेच्या पुढे गेली होती. डॉक्टरांनी बाटली मागितली, उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"औषध उन्हानं खराब झालंय. सुई दिली काय न दिली काय, सारखंच," ते म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "म्हंजे मी अठरा दिवस यायले नुसतं पानी टोचून राह्यली होती?"

त्या सलाईनच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. रात्री जेवल्या नाहीत, सकाळी चहा घेतला नाही. सासऱ्यांना जरा हुशारी आली तेव्हा ते म्हणाले, "काहून वं तोंड पाडून बसली? पुढच्या उन्हाळ्यात बाटली बाहीर ठेव, मी माठात जाऊन बसतो." सासूबाई हसल्या नाहीत. मी मात्र बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले, कारण मला ठाऊक होतं की खोटं एकट्या त्या बाटलीतच नव्हतं, डब्यातही होतं.

चौथ्या दिवशी सुट्टी मिळाली. नवी बाटली बर्फ घातलेल्या थर्मासात होती आणि थर्मास माझ्याकडे होता. दिनेश सकाळीच घरी जाऊन डबा घेऊन आला होता, आईने तसं सांगितलं होतं. "आखाजी-बिखाजी काही नाई," त्या म्हणाल्या. "आज फ्रीज घेऊनच घरी जाचं."

बसस्टँडजवळच्या एका दुकानात गेलो. मालकाचं नाव वीरेंद्र, तोंडाने गोड माणूस. सासरे पंख्याखालच्या विकाऊ सोफ्यावर बसले. सासूबाईंनी तिसरा फ्रीज पसंत केला, एका दाराचा, लाल. सोळा हजार आठशेवरून सुरुवात झाली. भाजीवालीशी भाव करायला बसलेला दुकानदार मी पहिल्यांदाच एसीत घाम पुसताना पाहिला. पंधरा हजार चारशेवर सौदा ठरला.

मग सासूबाईंनी काचेच्या टेबलावर डबा उलटा केला. दहाच्या, विसाच्या, पन्नासच्या नोटा, चिल्लर, आणि त्यांच्यावर सांडलेले चिंचोके. दोन चिंचोके घरंगळत फायनान्सच्या टेबलापर्यंत गेले. तिथे बसलेल्या मुलीने, सुकेशनी असं तिच्या गळ्यातल्या कार्डावर लिहिलं होतं, ते उचलून आणून दिले.

"हे काय आहे, मावशी?" वीरेंद्रने विचारलं.

"मोबाइलातली बोहनी," सासूबाई म्हणाल्या. "मोजून घ्या. नगद दहा हजार दोनशे दहा. चिंचोके एकशे एकतीस, चाळीसनं पाच हजार दोनशे चाळीस. पन्नास रुपये मलेच वापस येतात. दिनेश, काढ."

दिनेशने मोबाइल काढला. बोटाने वर-खाली केलं. त्याच्या खात्यात सहाशे बारा रुपये होते, ते मला माहीत होतं.

"आई, नेट नाई लागून राह्यलं," तो म्हणाला.

"मंग बसू नेट येवस्तोर. घाई कायची हाये?" असं म्हणून सासूबाई सासऱ्यांशेजारी सोफ्याच्या कडेला टेकल्या. पदराने चेहरा पुसला आणि लाल फ्रीजकडे बघत बसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा सैल झाला होता.

मला ते बघवेना. त्या संध्याकाळपर्यंत बसल्या असत्या, शंका न घेता. माझ्या मांडीवरच्या थर्मासात बर्फाचं पाणी होत होतं, हलवलं की आवाज यायचा.

"आई, नेट हाये," मी म्हणाले. "पैसे नाईत."

दिनेशने माझ्याकडे पाहिलं नाही. मी एका दमात सगळं सांगितलं. मोबाइल हप्त्याचा होता, मजुरीचा नव्हता. बोहणी खात्यात यायची आणि पाच तारखेला हप्त्यात जायची. "मले पयल्यापासून माहीत होतं," हेही सांगितलं. "माय दिसे म्हनून मी बोलली नाई."

सासूबाईंनी टेबलावरचे चिंचोके एकेक करून डब्यात भरायला घेतले.

"म्हंजे दीड साल मी कपाळाले लावून लावून हप्ता भरला," त्या म्हणाल्या.

"एक गोष्ट हाये," सासरे सोफ्यावरून म्हणाले. "माह्ये दोन हप्ते थकले होते. यानं एकबी थकवला नाई. माह्यापेक्षा बरा निंगाला."

"तुमी बसा गुमान," सासूबाई म्हणाल्या, आणि सासरे गुमान बसले.

वीरेंद्रने घसा खाकरला. "मावशी, उरलेल्या पाच हजाराचं फायनान्स होऊन जाते. सहा हप्ते, व्याज नाही. दहा मिनिटाचं काम."

आता त्या उठतील आणि डबा घेऊन चालू पडतील, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्या मांडीवरच्या थर्मासाकडे पाहिलं. मग सासऱ्यांच्या हाताकडे, जिथे सलाईनची पट्टी अजून चिकटलेली होती. त्या उठल्या आणि सुकेशनीच्या टेबलासमोर जाऊन बसल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पन माह्या नावानं लिहा. पोराच्या नावानं नाई."

बावीस वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्यांनी त्या एका शब्दात सोडली. मला पुढे होऊन त्यांना थांबवावंसं वाटलं, आणि थांबवण्याचं तोंड मला नव्हतं. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून आधार, पॅन, पासबुक काढून टेबलावर मांडलं. कोणत्याही योजनेचा फॉर्म निघाला की त्या आधी कागद तयार ठेवतात. सुकेशनीने सगळं टॅबमध्ये भरलं, अंगठा घेतला, फोटो घेतला. फोटोला सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. टॅबवर एक चाक फिरत राहिलं आणि थांबलं.

"मावशी, तुमच्या नावावर होत नाहीये," सुकेशनी हळू आवाजात म्हणाली.

"काहून?"

"तुमची पत दिसत नाही."

सासूबाईंना वाटलं त्यांनी नीट ऐकलं नाही. सुकेशनीने समजावलं. आधी कर्ज घेतलं, हप्ते वेळेवर फेडले, की माणसाची पत तयार होते. ज्याने कधी घेतलंच नाही त्याचं पान कोरं. "तुमचं काही वाईट नाही, मावशी. पण काहीच नाही."

"म्हंजे जिनं कोनाचे पाच पैसे ठेवले नाई, तिची पत नाई?"

"मशीनला तसंच दिसतं," सुकेशनी म्हणाली आणि मान खाली घातली. मग वीरेंद्रच्या सांगण्यावरून तिने दिनेशचा नंबर टाकला. चाक फिरायच्या आतच हिरवं झालं. "यांना पंचेचाळीस हजारांपर्यंत मंजूर आहे. यांचे अठरा हप्ते अगदी तारखेला भरलेत."

"अवं बाई, थे अठरा हप्ते मी भरले!" सासूबाई ओरडल्या. "माह्या बोहनीचे होते थे!"

दुकानात वॉशिंग मशीन बघणारं एक जोडपं होतं, तेही थांबलं. बाजारात कोणी तराजूला बोट लावलं तरी सासूबाई त्याला तिथेच सरळ करतात. इथे कोणाला सरळ करायचं, हे त्यांना कळत नव्हतं. मशीन बिचारं हिरवं होऊन बसलं होतं.

दिनेश पुढे आला. "आई, माह्या नावानं होऊ दे. या खेपी मीच भरतो. तुह्या गळ्याची आन."

सासूबाईंनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "थो मोबाइल फिटला का पुरा?"

"फिटला. मांगच्या महिन्यात."

"म्हंजे आता त्याच्यावर कोनाचं काही नाई?"

"नाई. आता आपला हाये."

त्यांनी मोबाइल मागितला नाही. दिनेशनेच सिमकार्ड काढून शर्टच्या खिशात टाकलं, मोबाइल पँटीला घासून पुसला आणि दुकानाबाहेर गेला. रस्त्यापलीकडे जुने मोबाइल घेणाऱ्याचं दुकान होतं. परत आला तेव्हा हातात पाचशेच्या अकरा नोटा होत्या. सतरा हजारांचा मोबाइल साडेपाच हजारांत गेला होता. त्याने नोटा आईच्या हातात दिल्या. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्या क्षणी तो फार आवडला.

सासूबाईंनी त्या नोटा कपाळाला लावल्या. मग टेबलावर ठेवल्या.

फ्रीज संध्याकाळच्या आत टेम्पोने घरी आला. सारवलेल्या जागेवर बसवला, हळदी-कुंकू वाहिलं. आत ठेवायला एकच वस्तू होती. सासूबाईंनी थर्मासातली बाटली काढून दारातल्या कप्प्यात उभी केली, दार लावलं, परत उघडून पाहिलं, परत लावलं. सासऱ्यांना सुई देताना त्यांनी आधी बाटली स्वतःच्या गालाला लावून पाहिली. "थंडी हाये," त्या म्हणाल्या, आणि मग चार दिवसांनी पोटभर जेवल्या.

दिनेशने फडताळातून जुना बटनाचा मोबाइल शोधून काढला. स्कॅनरचा कागद तोच राहिला. पैसे आल्याचं सांगायला एका बोलक्या डब्याची सोय झाली, त्यामुळे बाजार काही अडला नाही. अडलं ते माझं. दुपारी जुड्या बांधताना सवयीने हात मोबाइलकडे जायचा आणि परत यायचा. तक्रार करायला तोंड नव्हतं. चोरी पकडली गेल्यावर चोराने भूक लागली म्हणू नये.

पुढच्या शिरपूरच्या बाजाराहून सासूबाई आल्या त्या पाय धुऊन सरळ फ्रीजकडे गेल्या. डबा आता फ्रीजवर होता. पदराची गाठ सोडून त्यांनी विसाची नोट आत टाकली. चिंचोके काढून रिकाम्या केलेल्या डब्यात नोटेचा आवाजही झाला नाही.

"आता कायचं, आई?" मी विचारलं. "वॉशिंग मशीन?"

"दिनेशच्या मोबाइलचं," त्या म्हणाल्या. "त्याले सांगजो नको. सांगशीन त थो उद्या जाऊन हप्त्यावर आनीन."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "दोन-तीन साल लागतीन. तवर तुले माय कशी दिसन?"

"राहू द्या, आई. बटनाच्या मोबाइलवर आवाज येते तिचा."

"येत्या बाजारापासून केनवड तू करत जाय," त्या म्हणाल्या. "माय ओट्यावर येऊन बसत जाईन तुह्यापाशी. सांग तिले."

मला हुंदका आला. त्यांनी तो ऐकला, पण वळल्या नाहीत. फ्रीज उघडून त्यांनी बाटली जागेवर आहे की नाही ते पाहिलं.

"बोहनी तेवढी नगद घेजो," त्या म्हणाल्या. "आन मायले भाजी फुकट देजो, पन उधार देजो नको."